जांघेत दुखते, हे सांगायचे कसे?

दुखण्यांनाही समाजात प्रतिष्ठा असते. रक्तदाब हा थोरामोठ्यांचा सोबती. त्याचे नाव चारचौघांत घेताना आवाज खाली आणावा लागत नाही, उलट थोडा चढतोच. गुडघेदुखीला वयाचा मान आहे. कंबरदुखीवर तर लग्नाच्या पंगतीत दोन अनोळखी माणसांची अर्ध्या तासात घट्ट मैत्री होते. पण एक दुखणे असे आहे की, ते झालेला माणूस डॉक्टरांच्या समोर बसूनही त्याचे नाव घेत नाही. “पाय जरा धरला आहे,” असे तो म्हणतो. “पोटात खाली ओढल्यासारखे होते,” असे म्हणतो. फारच धीट असला तर “इथे” एवढेच म्हणून पाटलोणीच्या खिशाच्या आसपास कुठेतरी हात हलवतो. पोट जिथे संपते आणि मांडी जिथे सुरू होते त्या घडीला मराठीत ‘जांघ’ असा चांगला दोन अक्षरी शब्द आहे. तो उच्चारण्याचे धैर्य मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना होते.

यंदाच्या दिवाळीत या शब्दाची बाजू घ्यावी, असे मी ठरवले आहे. शब्दांची वकिली हा माझा पोटापाण्याचा व्यवसायच. मी कॉलेजात मराठी शिकवतो. शिवाय मी नित्य धावणारा माणूस आहे, आणि गेल्या पावसाळ्यात हे दुखणे माझ्याही घरी तीन महिने पाहुणे येऊन राहिले होते. तेव्हा वकील आणि पक्षकार अशा दोन्ही नात्यांनी मला चार शब्द बोलण्याचा अधिकार आहे.

धायरीची पहाट

मी धायरीत राहतो. २०१७ साली जी अकरा गावे पुणे महानगरपालिकेत आली, त्यांत आमची धायरी होती. गाव शहरात आले, तसे शहराचे छंदही गावात आले. पूर्वी पहाटे साडेपाचला रस्त्यावर दिसत ते दूधवाले आणि भाजीचे टेम्पो. आता त्यांच्या जोडीला रंगीबेरंगी बूट घातलेली माणसे दिसतात. कुणी धारेश्वराच्या देवळाकडे पळत असतो, कुणी डीएसके विश्वचा चढ चढत असतो, कुणी सिंहगड रस्त्याची कडा धरून खडकवासल्याच्या दिशेने निघालेला असतो. रविवार आला की यांतले निम्मे लोक सिंहगडाच्या पायवाटेवर भेटतात. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, तेव्हा लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून धावणारांना पाहत. आता कडेला उभे राहणारांची मुलेच नव्हे, तर आईबापही धावू लागले आहेत.

यांत विशीतली मंडळी थोडी; चाळिशीतली आणि पन्नाशीतली पुष्कळ. डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला म्हणून धावणारे, मुलीच्या लग्नात सूट बसावा म्हणून धावणारे, आणि शेजारी धावतो म्हणून धावणारे. दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत घडी घालून बसायचे आणि पहाटे ती घडी एकदम उलगडून चढावर पळायचे, असा हा कार्यक्रम. साहजिकच काहींचे गुडघे बोलतात, काहींच्या टाचा बोलतात. त्यांवर आमच्या मेळ्यात मोकळी चर्चा होते. जांघ बोलू लागली म्हणजे मात्र माणूस दोन-चार दिवस दिसेनासा होतो आणि परत आल्यावर “जरा गावाला गेलो होतो” असे सांगतो.

आमच्यातल्याच एका गृहस्थांची हकिकत. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. डॉक्टरांनी विचारले, “कुठे दुखते?” हे म्हणाले, “पायात.” डॉक्टर हसून म्हणाले, “साहेब, पाय ही फार मोठी इस्टेट आहे. गट नंबर सांगा.” साहेब लाजले. शेवटी त्यांच्या पत्नीने, ज्या सोबत गेल्या होत्या, शांतपणे सांगितले, “डाव्या जांघेत दुखते. धावायला लागले की दुखते आणि गाडीतून उतरताना दुखते.” एका वाक्यात निम्मे निदान झाले. सबंध मराठी व्याकरणात जागा दाखवणाऱ्या सप्तमी विभक्तीचे एवढे मोल मला पूर्वी कधी जाणवले नव्हते.

चढ चढलेला शब्द

या शब्दाचे कूळ मोठे गमतीचे आहे. संस्कृतातली ‘जंघा’ म्हणजे गुडघ्याखालचा पाय, नडगी-पोटरीचा भाग. धावत जाऊन निरोप पोचवणाऱ्याला अमरकोशात ‘जांघिक’ असे नाव दिलेले आहे. म्हणजे धावणाऱ्याचे नावच मुळी या अवयवावरून पडले! पुढे हा शब्द वर सरकला. हिंदीत तो गुडघा ओलांडून मांडी झाला. आणि आपल्या मराठीत आणखी वर चढून मांडीच्या मुळाशी जाऊन बसला. शब्दालासुद्धा चढ चढायची हौस असते ती अशी. आता ज्याच्या नावाने धावणाऱ्याला ओळखले, त्याचेच नाव घेताना धावणाऱ्याने लाजावे, हा केवढा उलटा न्याय!

वैद्यकाला ही लाज कधीच नव्हती. सुश्रुतसंहितेत जांघेला ‘वंक्षण’ म्हटले आहे, आणि वंक्षण व वृषण यांच्यामध्ये ‘विटप’ नावाचे मर्म सांगितले आहे. आपल्या आज्यांनाही लाज नव्हती. लहान मुलाच्या जांघेत गाठ आली की त्या म्हणत, “अवधाण आले आहे,” आणि जांघ सोडून आधी मुलाचा तळपाय उलटा करून पाहत. हमखास कुठेतरी काटा रुतून पिकलेला असे. पायातल्या जखमेचे विष वर चढू नये म्हणून जांघेतल्या लसिकाग्रंथी पहारा करतात आणि काम वाढले की सुजतात, हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवले नव्हते. पण दुखते एकीकडे आणि कारण असते दुसरीकडे, ही जांघेच्या शास्त्रातली पहिली पायरी त्यांना पक्की ठाऊक होती.

जांघ नव्हे, चौक

कारण जांघ ही एक जागा नाहीच. तो एक चौक आहे. पुण्याच्या माणसाला चौकाची उपमा लगेच पटते. आमच्या धायरी फाट्यावर वाहतूक तुंबली, तर दोष फाट्याचाच असतो असे नाही. कधी शहराकडून लोंढा आलेला असतो, कधी गावाच्या आतल्या रस्त्यावर टेम्पो अडकलेला असतो. जांघेच्या चौकातही निरनिराळे रस्ते येऊन मिळतात.

पहिला रस्ता मांडीच्या आतल्या बाजूचा. जघनास्थीपासून, म्हणजे ओटीपोटाच्या खालच्या हाडापासून, निघून मांडीकडे जाणारे पाच स्नायू इथे आहेत. दोन्ही मांड्या एकमेकींकडे ओढणे हे त्यांचे काम. दुसरा रस्ता समोरचा : कण्याच्या खालच्या मणक्यांपासून निघून पोटाच्या आतून मांडीच्या हाडाला जाऊन मिळणारा आणि गुडघा वर उचलणारा जाडजूड स्नायू. तिसरा वरचा : पोटाच्या खालच्या भिंतीचा, जिथे पुरुषांत एक नैसर्गिक बोगदा असतो आणि म्हणूनच जिथे अंतर्गळ, म्हणजे हर्निया, होण्याचा संभव असतो. चौथा मधला : जघनास्थीची दोन हाडे जिथे सांधली जातात तो जोड. आणि या सर्वांच्या खाली, खोलवर, साऱ्या इमारतीचा भार तोललेला तो खुब्याचा सांधा.

या सगळ्यांचे दुखणे एकाच ठिकाणी उमटते. त्यामुळे डॉक्टरांतही पूर्वी मोठा गोंधळ असे. एकाच दुखण्याला एक तज्ज्ञ एक नाव देई आणि दुसरा दुसरेच. अखेर २०१४ च्या नोव्हेंबरात कतारच्या दोहा शहरी १४ देशांतले २४ तज्ज्ञ जमले आणि त्यांनी खेळाडूंच्या जांघदुखीची वाटणी केली : आतल्या मांडीची, समोरच्या स्नायूची, पोटाच्या भिंतीची व जघनास्थीची, असे चार भाग, मग खुब्याची, आणि शेवटी इतर कारणांची. २४ पंडितांना एकत्र बसून नावे ठरवावी लागली, यावरून नावाचे महत्त्व ध्यानात यावे.

सामान्य माणसालाही यातून थोडी दिशा मिळते. उताणे निजून, गुडघ्यांमध्ये कुणाची तरी मूठ धरून ती दाबताना ओळखीचे दुखणे जागे झाले, तर संशय आतल्या मांडीवर घ्यावा. कुणी गुडघा खाली दाबत असताना तो वर उचलताना दुखले, तर समोरच्या स्नायूवर. खोकताना, शिंकताना, अंथरुणातून उठताना चमक निघाली, तर पोटाच्या भिंतीवर. पायमोजा चढवताना, जेवायला मांडी घालून बसताना, रिक्षातून उतरताना आत खोल कुठेतरी अडखळले, तर खुब्यावर. आणि खुब्याची एक खोडी लक्षात ठेवावी : पुष्कळदा दुखतो खुबा आणि बोंब मारतो गुडघा. दोघांना एका मज्जातंतूच्या शाखा जातात, म्हणून ही चुगली होते. गुडघ्याला महिनोन् महिने तेल चोळूनही गुण येत नसेल, तर एकदा खुबा तपासून घ्यावा.

हे सारे दिशा कळण्यासाठी. निवाडा डॉक्टरांचा. पण आपण बोट नेमके ठेवले, तर निवाडा लवकर आणि थोड्या खर्चात होतो.

मांड पक्की हवी

धावताना या चौकावर किती भार येतो, याचा हिशेब मांडून पाहा. साधारण धावणारा मिनिटाला १७० च्या आसपास पावले टाकतो. ४० मिनिटांत ही संख्या ६,८०० होते, म्हणजे दर पायाच्या वाट्याला ३,४००. धावताना दोन्ही पाय कधीच एकदम जमिनीवर नसतात. म्हणून पाऊल टेकते तेव्हा शरीराच्या वजनाच्या दुपटी-अडीचपटीचा धक्का एकट्या पायाला सोसावा लागतो. ७० किलोच्या माणसाला दीड-पावणेदोनशे किलो! त्या क्षणी कंबर एका बाजूला कलू नये म्हणून बाहेरचे आणि आतले स्नायू दोरीसारखे ताणून धरतात. अंतर एकदम वाढवले, सपाटी सोडून रोज चढउतार धरला, पावसात शेवाळावर पाय घसरला, किंवा रस्त्याच्या कडेला असलेल्या उतारावर महिनोन् महिने एकाच बाजूने पळत राहिले, की यांतली एखादी दोरी तक्रार करू लागते.

या आतल्या स्नायूंची थोरवी मराठी माणसाला सांगायला नको. आपण ‘मांड’ म्हणतो ती या स्नायूंचीच करामत. घोड्यावर मांड पक्की, म्हणजे मांड्यांच्या पकडीत बळ. आमच्या घरासमोर दिसणारा सिंहगड ज्या काळाची साक्ष देतो, त्या काळात दिवसच्या दिवस खोगिरावर काढणाऱ्या मंडळींना ही मांड म्हणजे जीव की प्राण होती. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या नावारूपाला आणली. तीही सारी पायांच्या पकडीवर उभी आहे. खांबाला अढी घालून उलटे लोंबकळणाऱ्या पोराकडे पाहा. त्याच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला जे बळ दिसते ते आमच्यासारख्या खुर्चीतल्या धावपटूंनी हरवलेले आहे. धावण्याने पोटऱ्या तयार होतात, दम वाढतो. पण मांड आपोआप तयार होत नाही. ती वेगळी कमवावी लागते.

आणि ती कमावलेल्यांनाही हे दुखणे सोडत नाही. २००८ साली दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या मालिकेत सचिन तेंडुलकरची जांघ दुखावली आणि आयपीएलच्या पहिल्याच हंगामातले मुंबईचे सुरुवातीचे सात सामने त्याला बाहेर बसून काढावे लागले. नीरज चोप्राचे नाव पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूटच्या स्टेडियमला २०२१ साली देण्यात आले. तो दुसऱ्याच वर्षी, २०२२ च्या जुलैत, अमेरिकेतल्या यूजीन येथे ८८.१३ मीटर भाला फेकून जागतिक स्पर्धेचे रौप्यपदक घेऊन आला खरा. पण जांघेच्या दुखापतीने त्याला लगेच पुढे आलेल्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेला मुकावे लागले. २०२४ साली पॅरिसला त्याने ८९.४५ मीटरची फेक करून ऑलिंपिकचे रौप्य मिळवले, त्या वेळीही जांघेचे दुखणे त्याच्या पाठीशी होतेच. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्याने ते जगभरच्या वार्ताहरांसमोर सरळ सांगितले. ज्याच्यावर सबंध देशाचे डोळे लागलेले, तो मोकळेपणाने सांगतो. आणि बंद दाराआड, एकट्या डॉक्टरांसमोर आपली जीभ मात्र अडखळते.

विश्रांती म्हणजे निजणे नव्हे

आता उपायाकडे वळू. आतल्या मांडीचा स्नायू दुखावला की आपल्याकडे दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक पंथ म्हणतो, “धावणे कायमचे सोडा.” दुसरा म्हणतो, “दुखण्यावरून धावा, आपोआप मोकळे होईल.” तिसरा एक छोटा पंथ आहे तो शीर बसवून देणाऱ्याचा पत्ता देतो. हे तिन्ही पंथ बाजूला ठेवून एक जुना प्रयोग पाहावा.

डेन्मार्कमध्ये पेर होल्मिक नावाच्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट जांघदुखी असलेले ६८ खेळाडू घेतले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाला यंत्रांचा शेक, मालीश, ताण असे निजल्या जागेचे उपचार; दुसऱ्याला स्नायूंचे बळ आणि तोल वाढवणारे व्यायाम. ८ ते १२ आठवडे हे चालले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल प्रसिद्ध झाला : व्यायामाच्या गटातले २३ जण दुखण्यावाचून खेळाकडे परतले, निजल्या जागेच्या गटातले अवघे ४. हे सर्व पुरुष खेळाडू होते आणि दुखणे आतल्या मांडीचे होते, ही मर्यादा ध्यानात ठेवूनही, हा फरक डोळे उघडणारा आहे.

त्यातला मूळ व्यायाम इतका साधा आहे की सांगताना संकोच वाटतो. उताणे निजावे, गुडघे वाकवावे, गुडघ्यांमध्ये मुलांचा फुटबॉल धरावा आणि ३० सेकंद दाबून ठेवावा. मग सोडावा. असे १० वेळा. पुढे तोच चेंडू पाय सरळ ठेवून दोन्ही पावलांमध्ये धरून दाबावा. चेंडू नसला तर घट्ट गुंडाळलेली उशी चालते. मी हे दूरदर्शनसमोर सतरंजीवर करीत असे. पहिल्या आठवड्यात घरातल्यांनी कौतुकाने पाहिले, दुसऱ्या आठवड्यात बातम्या दिसत नाहीत म्हणून तक्रार केली, आणि तिसऱ्या आठवड्यात सौभाग्यवतींनी शेजारी दुसरी सतरंजी अंथरली.

बळ आले की कुशीवर निजून खालचा पाय उचलणे, पोटाचे व्यायाम, एका पायावर तोल सांभाळणे, अशी पायरी-पायरीने भर घालावी. यांतली सर्वांत कठीण पायरी म्हणजे कुशीवर, कोपरावर टेकून, वरचा पाय बाकावर किंवा सोबत्याच्या हातात देऊन सारे अंग उचलणे. हिला कोपनहेगनचे नाव मिळाले आहे. नॉर्वेतल्या फुटबॉलपटूंना हा एकच व्यायाम नियमाने दिल्यावर त्यांच्यातला जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. मात्र ही शेवटची पायरी आहे. पहिल्याच दिवशी तिच्यावर उडी मारू नये. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चढावी.

आणि धावणे? ते सोडायचे नाही; आखडते घ्यायचे. पहिले काही दिवस चालावे. मग सपाटीवर पाच मिनिटे चालणे, एक मिनिट धावणे, अशी वाटणी करावी. दुखण्याला १० पैकी गुण द्यावेत. धावताना दोन-तीन गुणांपर्यंत दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत वाटले, तर मात्रा बरोबर आहे असे समजावे. दुसऱ्या दिवशी लंगडत उठावे लागले, तर मात्रा जास्त झाली. आधी अंतर वाढवावे, मग वेग, आणि चढ सर्वांत शेवटी. डीएसके विश्वचा चढ काही पळून जात नाही. मी त्याला तेराव्या आठवड्यात पुन्हा भेटलो; तो होता तिथेच होता.

थांबू नये अशी वेळ

इथपर्यंतचे सारे सोशीक माणसासाठी होते. पण काही प्रसंगी सोसणे हा गुण नसतो.

धावणाऱ्याच्या जांघेत खोल दुखू लागले, पाऊल टेकले की दुखते, त्याच पायावर उडी मारवत नाही, रात्रीही ठणकते. अशा वेळी मांडीच्या हाडाच्या मानेला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये तो पुष्कळदा दिसत नाही. एमआरआय करावा लागतो. तशाच तड्यावर धावत राहिल्यास हाड सरकून मोठी शस्त्रक्रिया पदरी पडते. कमी खाऊन जास्त धावणाऱ्या मुलींत आणि स्त्रियांत, विशेषतः ज्यांची पाळी चुकू लागली आहे त्यांच्यात, हा धोका अधिक असतो. मुलगी बारीक झाली म्हणून कौतुक करणाऱ्या घरांनी पाळी चुकते का, हेही विचारावे. दोन्ही प्रश्न आरोग्याचेच आहेत.

जांघेत फुगवटा दिसतो, खोकल्यावर वाढतो, निजल्यावर आत जातो, तो बहुधा अंतर्गळ. पुरुषांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला आयुष्यात कधी ना कधी तो होतो, तेव्हा लाजण्याचे काही कारण नाही. पण तो आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. दिवाळीच्या अभ्यंगात जांघेतली गाठ तेलाने रगडून ‘बसवण्याचा’ प्रयोग तर कदापि करू नये.

स्टिरॉइडची औषधे पूर्वी मोठ्या प्रमाणात घेतलेल्याने जांघदुखीकडे दुर्लक्ष करू नये. कोविडमधून बरे झालेल्या तीन रुग्णांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड मृत होऊ लागल्याचे मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. असे दुखणे लवकर सापडले तर सांधा वाचवता येण्याची आशा असते. आणि कुशीतून निघून जांघेत उतरणारी, माणसाला गडाबडा लोळवणारी कळ ही पुष्कळदा मूतखड्याची असते. तिचा धावण्याशी संबंध नाही.

शेवटची गोष्ट मुलांच्या आईबापांसाठी, आणि ती सर्वांत महत्त्वाची. बारा ते अठरा वर्षांच्या मुलाला, खेळून आल्यावर किंवा झोपेतून उठताना, अकस्मात जांघेत आणि त्याखाली असह्य कळ येते. मळमळते, उलटी होते. अंडकोषाला पीळ पडून रक्त तुटलेले असते. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो अवयव बहुधा वाचतो. जसजसा वेळ जातो तसतशी आशा मावळते. मुलगा मात्र लाजून म्हणतो, “पोटात दुखते.” आई ओवा देते, बाबा म्हणतात सकाळी बघू. सकाळ होईपर्यंत सहा तास कधीच उलटून गेलेले असतात. इथे शत्रू रोग नव्हे, आपला संकोच.

म्हणून, वाचकहो, या दिवाळीत एक छोटेसे काम करा. फराळाला सारे जमतील तेव्हा नको. त्याला वेळकाळ आहे. पण पहाटे मुलाच्या पाठीला तेल लावताना, किंवा मुलीबरोबर पणत्या लावताना, सहज सांगा की शरीरातली कुठलीही जागा दुखली तर तिचे नाव घेऊन सांगायचे. आम्ही हसणार नाही, रागावणार नाही, डॉक्टरांकडे घेऊन जाऊ. गुडघ्याला गुडघा म्हणतो तसे जांघेला जांघ म्हणायचे. मुलांना एकदा हा शब्द घरात ऐकू आला, की तो त्यांच्या तोंडी वेळेवर येईल.

आणि तुमच्यापैकी ज्यांचा “पाय जरा धरला आहे”, त्यांनी सुट्टी संपल्यावर डॉक्टरांकडे जावे, बोट नेमके ठेवावे आणि सप्तमी विभक्ती बिनदिक्कत वापरावी. मग चेंडू आहेच, सतरंजी आहेच, आणि पहाटेचा रस्ताही आहेच.